एनएफएलच्या भावांचा हिशेब : प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५

७ जुलै २०२५, सोमवार. आवाका

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या सामन्यांवरच्या पैजांचे भाव वाचून त्यांचा हिशेब मांडणारी एक स्प्रेडशीट आणि तिच्या जोडीला पायथनच्या तीन छोट्या फाइली, एवढं काम आहे. पहिली फाइल भावातून संभाव्यता काढेल. दुसरी त्यातला बुकमेकरचा, म्हणजे पैजा घेणाऱ्या बुकीचा, कट वेगळा करेल. तिसरी अंतिम गुणांवरून पैज जिंकली, हरली की परत गेली ते ठरवेल. हंगाम ४ सप्टेंबरला सुरू होतोय, तोवर जुन्या सामन्यांवर चाचण्या उरकायच्या. प्रत्यक्ष पैज लावणं या कामात कुठेच नाही.

बुकमेकरच्या फलकावर एका सामन्याची नोंद साधारण अशी असते: यजमान -३ (-११०), पाहुणे +३ (-११०), मनीलाइन यजमान -१५५, पाहुणे +१३०, टोटल ४७.५, ओव्हर आणि अंडर दोन्ही -११०. एकाच सामन्यावरच्या या तीन वेगळ्या पैजा. स्प्रेडमध्ये फेव्हरिट, म्हणजे वरचढ धरलेल्या, संघाने तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. बरोबर तीनने जिंकला तर पुश, म्हणजे पैसे परत. मनीलाइनमध्ये फरक कितीही असो, जिंकला की झालं. टोटलमध्ये दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज बघायची: आकड्याच्या वर गेली की ओव्हर, खाली राहिली की अंडर.

-३ आणि -११० या दोन्हींत वजाचं चिन्ह आहे, पण पहिला आकडा गुणांचा आणि दुसरा पैशांचा. शीटमध्ये ‘लाइन’ आणि ‘भाव’ असे दोन स्वतंत्र रकाने पहिल्याच दिवशी पाडून ठेवले. एका रकान्यात दोन्ही कोंबलेल्या शीटा नंतर दुरुस्त होत नाहीत, नव्याने कराव्या लागतात.

१० जुलै. अमेरिकन भाव वाचणं

वजा भाव सांगतो की १०० डॉलर नफ्यासाठी किती लावावे लागतील. अधिक भाव सांगतो की १०० लावले तर नफा किती. त्यावरून सूत्रं:

वजा भावाची संभाव्यता = आकडा ÷ (आकडा + १००). -१५५ म्हणजे १५५ ÷ २५५ = ६०.७८ टक्के.
अधिक भावाची संभाव्यता = १०० ÷ (आकडा + १००). +१३० म्हणजे १०० ÷ २३० = ४३.४८ टक्के.

दशांश भाव (एक लावला तर मुद्दलासकट किती परत) हवा असेल तर वजासाठी १ + १००/आकडा, अधिकसाठी १ + आकडा/१००. -११० चा दशांश भाव १.९०९, +१३० चा २.३०. पुढची सगळी गणितं दशांशात किंवा संभाव्यतेतच करायची. अमेरिकन भावांची बेरीज किंवा सरासरी कधीही काढू नये. -१०५ आणि +१०५ यांची सरासरी शून्य येते आणि शून्य हा भावच नसतो. -९९ ते +९९ या पट्ट्यात एकही भाव अस्तित्वात नाही. हीच पहिली तपासणी म्हणून कोडमध्ये घातली: या पट्ट्यातला आकडा आला की ओळ लाल. बहुतेक वेळा तो कुणीतरी काढलेली सरासरी असतो, नाहीतर भावाच्या रकान्यात शिरलेली लाइन.

मजकूर चिकटवताना अडणाऱ्या गोष्टी: +१०० ऐवजी ‘ईव्हन’ लिहिलेलं असतं, शून्य स्प्रेडऐवजी ‘पिक’ किंवा ‘पीके’. काही पानांवरचं वजाचं चिन्ह कळफलकावरचं नसून छपाईतलं असतं; डोळ्यांना सारखंच दिसतं, पण पायथन ते आकडा म्हणून घेत नाही आणि स्प्रेडशीट तर गुपचूप मजकूर म्हणून ठेवते. आयात करतानाच ही चिन्हं बदलून घेतली. अर्ध्या गुणासाठी छापलेलं ½ सुद्धा तिथेच .५ करायचं.

१५ जुलै. कट

-१५५ आणि +१३० च्या संभाव्यतांची बेरीज १०४.२६ येते. शंभराच्या वरचं जे आहे ते बुकमेकरचं. तिकडे त्याला व्हिग किंवा ज्यूस म्हणतात. आपल्याकडच्या बाजार समितीतल्या अडतीसारखं, माल कोणाचाही विकला गेला तरी ती निघतेच.

दोन्ही बाजू -११० असतील तर प्रत्येकी ५२.३८, बेरीज १०४.७६. उलाढालीतला बुकमेकरचा वाटा ४.७६ ÷ १०४.७६, म्हणजे ४.५५ टक्के. ‘कट ४.७६’ आणि ‘कट ४.५५’ असे दोन्ही आकडे लोक वापरतात आणि मग भांडत बसतात. आमच्या शीटमध्ये ‘जादा बेरीज’ आणि ‘वाटा’ असे दोन्ही दाखवतो. -१०५/-१०५ असेल तर जादा बेरीज २.४४, वाटा २.३८. फरक क्षुल्लक दिसतो, पण -११० ला बरोबरीत सुटण्यासाठी ५२.३८ टक्के पैजा बरोबर याव्या लागतात आणि -१०५ ला ५१.२२.

कट वेगळा काढण्याची सोपी रीत म्हणजे प्रत्येक संभाव्यतेला बेरजेने भागायचं. -१५५/+१३० साठी ५८.३० आणि ४१.७०. दोन्ही बाजू सारख्या असतील तर कुठल्याही रीतीने ५०-५० च येतं. खरा प्रश्न एकतर्फी सामन्यांत येतो. -३००/+२५० घ्या: ७५.०० आणि २८.५७, बेरीज १०३.५७.

भागाकाराची रीत: ७२.४१ आणि २७.५९.
जादा बेरीज निम्मी-निम्मी वजा करायची रीत: ७३.२१ आणि २६.७९.
घातांकाची रीत, म्हणजे दोन्ही संभाव्यतांना असा एकच घात द्यायचा की बेरीज १ व्हावी: घात सुमारे १.०६४, उत्तर ७३.६३ आणि २६.३७.

पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात सव्वा टक्क्याचा फरक पडला. बुकमेकर दुबळ्या बाजूवर कट जास्त लादतो हे सट्ट्याच्या बाजारात फार पूर्वीपासून दिसून आलंय, आणि घातांकाची रीत ते धरून चालते. मनीलाइनसाठी तीच ठेवली. घात शोधायला १ ते १.५ मधली दुभाजन पद्धत पुरते. चाळीस फेऱ्यांत उत्तर हवं तेवढं नेमकं होतं.

२१ जुलै. विदा

निकाल आणि भाव एनएफएल-व्हर्स या विदा-प्रकल्पाच्या मुक्त सामने-फाइलीतून घेतले. १९९९ पासूनचा प्रत्येक सामना एका ओळीत आहे: गुण, स्प्रेड, टोटल, मनीलाइन, छप्पर, वारा, तापमान. जुन्या हंगामांत मनीलाइनचे रकाने रिकामे आहेत; ते शून्याने भरू नयेत, रिकामेच ठेवावेत.

सगळ्यात आधी ओळी मोजल्या. साखळी सामने १९९९ ते २००१ मध्ये २४८ (तेव्हा ३१ संघ होते), २००२ ते २०२० मध्ये २५६, २०२१ पासून २७२. बाद फेरीचे ११, २०२० पासून १३. याला एकच अपवाद आहे: २०२२ चे साखळी सामने २७१ धरायचे. २ जानेवारी २०२३ चा बिल्स–बेंगॉल्स सामना मैदानावर खेळाडू कोसळल्याने थांबला आणि नंतर रद्दच झाला. तिथे २७२ मोजून बसलेला कोड एक ओळ हरवल्याची बोंब मारत राहतो.

संघांची लघुनावं: रॅम्स २०१६ मध्ये सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला गेले, चार्जर्स २०१७ मध्ये सॅन डिएगोहून, रेडर्स २०२० मध्ये ओकलंडहून लास व्हेगासला. तिन्हींसाठी एकेक कायमचा क्रमांक दिला.

आता चिन्हाची गोष्ट, कारण निम्म्या चुका इथेच होतात. फलकावर फेव्हरिटपुढे वजा असतो. या फाइलीत मात्र स्प्रेड यजमानांच्या बाजूने मोजलाय आणि यजमान फेव्हरिट असतील तर आकडा अधिक आहे. निकालाचा रकाना म्हणजे यजमानांचे गुण वजा पाहुण्यांचे. मग ‘निकाल वजा स्प्रेड’ अधिक आला तर यजमानांनी स्प्रेड राखला, वजा आला तर पाहुण्यांनी, शून्य आला तर पुश.

पडताळणीसाठी ११ फेब्रुवारी २०२४ चा लास व्हेगासमधला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, घेतला. चीफ्स २५, फोर्टीनाइनर्स २२, जादा वेळेत. कागदोपत्री यजमान चीफ्स, आणि बाजाराने फोर्टीनाइनर्सना दोनच्या आसपास वरचढ धरलं होतं. म्हणून स्प्रेड -२, निकाल +३; ३ - (-२) = ५, चीफ्सनी राखला. चिन्ह उलटं धरलं असतं तर ३ - २ = १ येऊन तरीही उत्तर चीफ्सच आलं असतं. अशा सामन्यावर चाचणी घेऊन काही कळत नाही! फेव्हरिट जिंकला पण स्प्रेड राखू शकला नाही, असाच सामना चाचणीला घ्यावा.

त्याच सामन्याची टोटल मात्र कामाची आहे. बेरीज ४७. ४६.५ घेतलेला ओव्हरवाला जिंकला, ४७ वाल्याचे पैसे परत, ४७.५ वर अंडरवाला जिंकला. एकच सामना आणि अर्ध्या-अर्ध्या गुणात तीन निकाल. सेटलमेंटच्या, म्हणजे तिसऱ्या, फाइलीत या तिन्ही ओळी कायमच्या चाचण्या म्हणून ठेवल्या.

२४ जुलै. वेळ

सामन्याची तारीख अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची ठेवायची, भारतीय वेळेत बदलायची नाही. रविवारी दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला (२ नोव्हेंबरला तिथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला) सुरू होतो, पण रविवार रात्री ८.२० चा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे ५.५० ला. तारीख बदलली की आठवड्याचे गट फुटतात आणि त्याच सामन्याच्या दोन ओळी होतात. भारतीय वेळ फक्त दाखवण्याच्या रकान्यात.

३० जुलै. तीन आणि सात

अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण एकेकाने वाढत नाहीत. फील्ड गोल (चेंडू खांबांमधून किक मारणं) ३, टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) ६ आणि त्यानंतरच्या किकचा १, किंवा किकऐवजी पुन्हा चाल करून २, सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात अडवणं) २. त्यामुळे विजयाचा फरक काही ठरावीक आकड्यांवर साचतो. साधारण १५ टक्के सामने बरोबर ३ च्या फरकाने सुटतात, ७ च्या फरकाने नऊ टक्क्यांच्या आसपास. मग ६, १०, १४ वगैरे. ३ वर एवढी गर्दी होण्याचं कारण सामन्याच्या शेवटाशी आहे: बरोबरीत असलेला संघ घड्याळ संपवत पुढे सरकतो आणि अखेरच्या सेकंदांत फील्ड गोल मारतो, त्याला टचडाउनची गरजच नसते.

२०१५ पासून टचडाउननंतरची किक १५ यार्डांच्या रेषेवरून, म्हणजे ३३ यार्डांची झाली. आधी ती जवळजवळ हुकतच नसे. आता हुकते आणि त्यामुळे दोन गुणांची चालही जास्त खेळली जाते. फरकांचा तक्ता म्हणून २०१५ च्या आधीचा आणि नंतरचा वेगळा केला. दोन्ही एकत्र केले तर ७ चं वजन आजच्यापेक्षा जास्त दिसतं आणि ६ चं कमी.

६ ऑगस्ट. अर्ध्या गुणाची किंमत

-२.५, -३ आणि -३.५ या तीन लाइनींत दिसायला अर्ध्या गुणाचंच अंतर. किंमत काढू.

लाइन ३ असलेल्या सामन्यांत पुशचं प्रमाण साधारण नऊ-दहा टक्के पडतं. हिशेबाला १० धरू. -३ चा सौदा समतोल असेल तर ४५ टक्के जिंकणार, ४५ हरणार, १० परत. लाइन -२.५ केली की ते १० टक्के जिंकणाऱ्यांत जातात: ५५ विरुद्ध ४५, म्हणजे कट न धरता -१२२. -३.५ केली तर हरणाऱ्यांत जातात: +१२२. भावातल्या एकेका अंकाला सेंट म्हणतात; -१०० वरून -१२२, म्हणजे अर्धा गुण बावीस सेंटचा झाला.

पुश ३ टक्के असलेल्या लाइनीवर (५ सारखी फुटकळ लाइन समजा) हाच हिशेब ५१.५ विरुद्ध ४८.५, म्हणजे -१०६. सहा सेंट. म्हणून लाइन -४.५ वरून -५ झाली ही बातमी नव्हे. -२.५ वरून -३ झाली ही बातमी आहे.

अर्धा गुण विकत देताना सरसकट दहा सेंट घेण्याची रीत असे: -३ (-११०) ऐवजी -२.५ (-१२०). -१२० म्हणजे ५४.५५ टक्के, आणि वरच्या हिशेबात खरी संभाव्यता ५५. म्हणजे बुकमेकरचंच नुकसान. ३ च्या भोवतीचा अर्धा गुण म्हणूनच महाग ठेवतात. ५५ वर -११० एवढाच कट चढवला तर भाव -१३६ येतो; फलकावर -१३० ते -१४० दिसलं तर दचकू नये.

याच कारणाने बुकमेकर ३ वरून लाइन हलवायला कचरतो. आधी भाव हलवतो: -३ (-१२०), समोर +३ (+१००). लाइन जागच्या जागी दिसते, पण बाजार सरकलेला असतो. शीटमध्ये फक्त लाइन नोंदवली तर ही हालचाल निसटते.

१२ ऑगस्ट. स्प्रेडवरून जिंकण्याची संभाव्यता

मनीलाइन नसलेल्या जुन्या हंगामांसाठी स्प्रेडवरून संभाव्यता काढायची आहे. प्रसामान्य वितरण (घंटेच्या आकाराचा वक्र) धरायचं, सरासरी म्हणजे स्प्रेड, प्रमाण विचलन १३.८६ (जुन्या संख्याशास्त्रीय अभ्यासातला आकडा; आजही १३ ते १४ मध्येच बसतो). -३ साठी ३ ÷ १३.८६ = ०.२१६, संभाव्यता ५८.६ टक्के. १५ जुलैच्या नोंदीतल्या -१५५/+१३० मधून ५८.३ आलं होतं, जुळतंय. -७ साठी ६९.३ येते. बाजारात -७ ची मनीलाइन बहुधा -३०० च्या आसपास असते आणि तिच्यातून कट काढल्यावर ७२-७३ उरतात. इथे वक्र कमी सांगतो.

वक्र कुठे वापरायचा नाही तेही पाहून घेतलं. -३ च्या सामन्यात फरक बरोबर ३ येण्याची संभाव्यता हा वक्र २.९ टक्के देतो. प्रत्यक्षात ती तिपटीहून जास्त. गुळगुळीत वक्राला फील्ड गोल माहीत नाही. तेव्हा कोण जिंकणार याच्या अंदाजाला वक्र चालेल. अर्ध्या गुणाच्या किमतीला फरकांचा तक्ताच.

१९ ऑगस्ट. पार्ले आणि टीझर

पार्ले: अनेक पैजा एका चिठ्ठीत, सगळ्या बरोबर आल्या तरच पैसे. दशांश भाव गुणायचे. -११० च्या दोन: १.९०९ × १.९०९ = ३.६४, म्हणजे +२६४. तीन: ६.९६, म्हणजे +५९६. पण कटही गुणला जातो. एका पैजेत ४.५५ टक्के, तिघांत १३, चौघांत १७. जाहिरातींत सगळ्यात जास्त पार्लेच का असतात ते इथे कळतं.

एकाच सामन्यातल्या पैजांचा पार्ले असा साध्या गुणाकाराने काढता येत नाही. क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकणाऱ्याचे) यार्ड वाढले की त्याच्याच रिसीव्हरचेही (झेलणाऱ्याचेही) वाढतात. बुकमेकर स्वतःचं मॉडेल वापरून भाव देतो आणि कट किती ते बाहेरून कळत नाही. शीटमध्ये अशा चिठ्ठीला ‘कट अज्ञात’ एवढंच लिहायचं.

टीझर: दोन सामन्यांच्या लाइनी सहा-सहा गुणांनी आपल्या बाजूला ओढायच्या, दोन्ही बरोबर यायला हव्यात. -१२० भावाला चिठ्ठी ५४.५५ टक्के वेळा लागावी, म्हणजे प्रत्येक सामना वर्गमुळाने ७३.८५ टक्के. -१३० ला ७५.१८. सहा गुण कुठून कुठे जातात यावर सगळं. -८.५ चे -२.५ झाले तर ३, ६ आणि ७ तिन्ही ओलांडले. -३ चे +३ झाले तर मधले गुण शून्याभोवती वाया गेले, कारण बरोबरी क्वचितच होते, आणि दोन्ही टोकं ३ वर अडकली.

२३ ऑगस्ट. कायदा

काल ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरातीलाही शिक्षा आहे. या प्रकल्पात बुकमेकरचा दुवा, बोधचिन्ह किंवा ‘आजचे भाव’ असं काही असणार नाही. जुने भाव आणि गणित, बस.

अमेरिकेत १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून खेळांवरचा सट्टा रोखला होता. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीच्या दाव्यात तो रद्द केला आणि विषय राज्यांकडे गेला. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना टीव्हीवर भावांच्या जाहिराती चुकवता येत नाहीत. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये हा सट्टा अजून कायदेशीर नाही.

२९ ऑगस्ट. लाइन कशाने हलते

काल काउबॉयजनी आपला बचावपटू मायका पार्सन्स याला पॅकर्सकडे दिलं. सहसा एका खेळाडूने लाइन हलते ती क्वार्टरबॅकमुळे, आणि तीही काही गुणांनी. बाकीच्यांमुळे अर्धा-एक गुण म्हणजे पुष्कळ.

हालचाल नोंदवायच्या वेळा ठरवल्या. रविवारच्या सामन्यासाठी दुखापतींचा अहवाल बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा येतो; शुक्रवारी ‘आउट’, ‘डाउटफुल’, ‘क्वेश्चनेबल’ असा शिक्का बसतो. ‘प्रोबेबल’ हा शिक्का २०१६ पासून बंद आहे, जुनी विदा वाचताना लक्षात ठेवावं. सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची यादी. आठवड्याच्या सुरुवातीला पैजेच्या रकमेच्या मर्यादा लहान असतात, म्हणून थोड्या पैशांतही लाइन हलते. सामन्याजवळची लाइन जास्त भरवशाची. एनएफएल-व्हर्समधल्या लाइनी शेवटाकडच्या आहेत. त्यांच्यावर पडताळलेली युक्ती मंगळवारच्या भावाला चालली असती, असं कुणी म्हणू नये.

बाजार हलवताना बुकमेकर स्वतःच कसा सापडतो याचं ठळक उदाहरण २१ जानेवारी १९७९ चा सुपर बोल. स्टीलर्स -३.५ ने उघडले, पैसा त्यांच्यावर आला, लाइन -४.५ झाली, मग पैसा काउबॉयजवर आला. स्टीलर्स ३५, काउबॉयज ३१. फरक चार. -३.५ वाले जिंकले, +४.५ वालेही जिंकले. लास व्हेगासच्या बुकींनी त्या रविवाराला ‘ब्लॅक संडे’ नाव दिलं.

५ सप्टेंबर. हंगामाचा पहिला सामना

ईगल्स २४, काउबॉयज २०. ईगल्स आठच्या आसपास वरचढ धरले होते. फेव्हरिट जिंकला, स्प्रेड राखला नाही: जुलैमध्ये हवी होती तीच चाचणी. यजमान ईगल्स, निकाल +४, स्प्रेड +८; ४ - ८ = -४, काउबॉयजनी राखला. चिन्ह उलटं असतं तर १२ येऊन कोड ईगल्सना पैसे देऊन मोकळा झाला असता. विजांमुळे खेळ तासाभराहून जास्त थांबला होता. बहुतेक अमेरिकन बुकमेकरांच्या नियमात ५५ मिनिटांचा खेळ झाला की पैज वैध, म्हणून तो रकानाही भरून घेतला.

१५ सप्टेंबर. भाव खरे ठरतात का

कट काढलेल्या संभाव्यतांचे पाच-पाच टक्क्यांचे गट करायचे आणि ६० ते ६५ च्या गटातले संघ प्रत्यक्षात किती टक्के जिंकले ते बघायचं. गटात २०० सामने असतील तर प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाचं माप) साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणून पाच-सहा टक्क्यांचा फरक दिसला तरी निष्कर्ष काढायचा नाही. २०२० चा हंगाम वेगळा काढला: प्रेक्षकांविना किंवा मोजक्याच प्रेक्षकांपुढे खेळल्या गेलेल्या त्या वर्षात यजमान १२७ जिंकले, १२८ हरले, एक बरोबरीत. लंडन, डब्लिन वगैरेचे तटस्थ मैदानांवरचे सामनेही वेगळे.

‘गेल्या हंगामात ५५ टक्के बरोबर’ असा दावा करणाऱ्यांसाठी एक ओळ शीटमध्ये घातली. २७२ पैकी १५० बरोबर म्हणजे ५५.१५. प्रमाण त्रुटी ३.०३. बरोबरीत सुटण्याची रेषा ५२.३८; फरक एका प्रमाण त्रुटीएवढाही नाही. नाणं उडवणारे शंभर जण बसवले तर त्यांच्यातही असे काही निघतील.

२९ सप्टेंबर. बरोबरी

काल रात्री डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्ये पॅकर्स ४०, काउबॉयज ४०. पार्सन्स जुन्या मैदानावर परतला त्याच सामन्यात. २०२३ आणि २०२४ मध्ये एकही बरोबरी नव्हती, त्यामुळे कोडची ही शाखा २०२२ च्या दोन २०-२० सामन्यांवरच तपासलेली होती.

मनीलाइन: दोन-बाजूंच्या भावात बरोबरी म्हणजे पैसे परत. ‘यजमानांचे गुण जास्त असतील तर यजमान, नाहीतर पाहुणे’ असं लिहिलेला कोड इथे पॅकर्सना जिंकवतो. तीन फांद्या हव्यातच. बरोबरीचाही वेगळा भाव असलेल्या तिहेरी मनीलाइनीत मात्र दोन्ही संघांवरचे पैसे बुडतात. त्यासाठी बाजाराचा प्रकार हा रकाना सक्तीचा केला.

स्प्रेड: यजमान काउबॉयज, पॅकर्स सहाहून जास्त गुणांनी वरचढ. स्प्रेड -६.५ धरला तर ० - (-६.५) = ६.५, काउबॉयज. टोटल ८०, ओव्हर. निर्धारित वेळेत ३७-३७ होते. चौथ्या क्वार्टरच्या पैजेत जादा वेळेचे गुण धरत नाहीत, उत्तरार्धाच्या पैजेत धरतात. पार्ले: बरोबरीतली मनीलाइन गळते आणि तीन पैजांची चिठ्ठी दोनांची होते. दशांश भावाला १.०० ने गुणलं की आपोआप जमतं.

पहिल्या हाफमध्ये पॅकर्सची टचडाउननंतरची किक अडवून काउबॉयजनी ती दुसऱ्या टोकाला नेली आणि दोन गुण घेतले. आमच्या गुणांच्या तक्त्यात बचाव करणाऱ्या संघाला असे दोन गुण मिळण्याचा रकाना नव्हता, आज जोडला. जादा वेळ दहा मिनिटांचा आणि यंदापासून साखळी सामन्यांतही दोन्ही संघांना चेंडू मिळणारच. कालच्यासारखं दोघांनीही त्यात फील्ड गोल मारला की घड्याळात फारसं काही उरत नाही. फरकांच्या तक्त्यातली शून्याची ओळ २०२५ पासून वेगळी मोजायची.